फोटोच्या कोपऱ्यातला उजेड

भाग्यश्री रामटेके मूळची भंडाऱ्याची. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती सहा वर्षं टेस्टिंगचं काम करत होती आणि वारज्यात भाड्याच्या घरात एकटी राहत होती. कॅमेरा ही तिची एकुलती एक चैन. त्या ऑक्टोबरात संध्याकाळच्या आकाशात धूमकेतू आला, तेव्हा ती आठवडाभर ऑफिसातून लवकर निघून वारज्यामागची टेकडी चढत होती. रोज परतीच्या पावसाचे ढग. रोज नुसताच व्यायाम.

रविवारी, संकष्टीच्या दिवशी, आकाश मोकळं झालं.

पायऱ्या संपतात तिथं एक सपाट कातळ आहे. भाग्यश्रीनं त्यावर ट्रायपॉड उभा केला. समोर पश्चिम, डावीकडे सिंहगडावरच्या मनोऱ्यांचे लाल दिवे, मागे हायवेची अखंड घरघर. कातळाच्या खाली डाव्या अंगाला दगडाची जुनी खाण होती. कित्येक वर्षं बंद पडलेली, घाणेरीच्या झुडपांनी भरलेली.

सूर्य बुडाला तशी फिरायला आलेली माणसं उतरली. एक म्हातारे गृहस्थ तेवढे थांबले. पांढरा लेंगा-शर्ट, डोक्याला मफलर, हातात स्टीलची लांब बॅटरी.

"कशाचा फोटो काढताय बाई? तिकडं तर काहीच न्हाई."

"धूमकेतू आहे काका. अंधार पडू द्या, मग दिसेल."

"शेंडेनक्षत्र?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "लहानपणी पाहिलंय मी. आईनं पहाटे उठवून दाखवलं होतं. तवा वारजं म्हणजे चाळीस घरं. झाडूएवढं होतं बगा, हे असं." त्यांनी बॅटरीनं आकाशात रेघ ओढून दाखवली.

"मग थांबा ना अर्धा तास."

"थांबलो असतो. पण संकष्टी हाय. चंद्रोदयाच्या आत घरी न्हाई पोचलो तर मंडळी उपाशी बसल."

"चंद्र साडेआठनंतर उगवतोय काका. भरपूर वेळ आहे."

म्हणून ते थांबले. बापूराव धुमाळ नाव, तीस वर्षं कंपनीत फिटर होते, घर गावठाणात, एवढं त्यांनी स्वतःहून सांगितलं. फोन घरीच ठेवून येतो, इथं तरी कुणी हाक मारू नये म्हणून, असंही म्हणाले. सव्वासातला भाग्यश्रीनं त्यांच्या हातात दुर्बीण दिली आणि शुक्राच्या वर, उजवीकडे कुठं पाहायचं ते सांगितलं. बराच वेळ ते दुर्बीण हलवत आकाश शोधत राहिले.

"हा होय," अखेर ते म्हणाले. "मला वाटलं मोठा असंल. कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा दिसतोय." दुर्बीण मात्र त्यांनी लगेच परत दिली नाही.

मग घड्याळ पाहून ते घाईनं निघाले. "मी खालच्या वाटेनं जातो. पायऱ्यांनी लांब पडतं."

भाग्यश्रीचा कॅमेरा तोवर सुरू झाला होता. आठ सेकंदांचा एक फोटो, दोन सेकंद थांबून दुसरा, असे आपोआप शेकडो. तिनं कानात इयरफोन घातले. दोन-तीन फोटो झाले असतील, तोच बॅटरीचा पांढरा झोत खालच्या उतारावरून हलत हलत थेट कॅमेऱ्यासमोर आला. कधी नव्हे ते स्वच्छ आकाश मिळालं होतं.

"अहो काका!" ती ओरडली. "बॅटरी! बॅटरी बंद करा ना प्लीज, फोटोत येतेय!"

झोत थबकला. तिनं एक इयरफोन काढला.

"बरं, बरं," खालून आवाज आला आणि उजेड विझला.

"थँक यू!" असं ओरडून तिनं इयरफोन परत कानात घातला.

आठला दोन मिनिटं असताना क्षितिजावरून धुरकट पट्टा वर येऊ लागला. तिनं सामान आवरलं आणि पायऱ्या उतरून घरी गेली.

फोटो तिच्या आजवरच्या कामात सर्वांत चांगला झाला. पन्नास-साठ फोटो एकत्र करून तिनं एक बनवला. शेपूट फ्रेमच्या वरच्या टोकापर्यंत गेली होती. खाली डाव्या कोपऱ्यात एक पिवळट डाग येत होता. धनगराची शेकोटी असेल किंवा एखाद्या झोपडीतला दिवा, असं तिला वाटलं. तिनं तो पुसून टाकला. फोटो हजारो लोकांनी पाहिला. भंडाऱ्याहून आईचा फोन आला. "बापा, बापा! अख्ख्या बुद्धविहारात दाखवला मी," ती म्हणाली. सोमवार ते बुधवार भाग्यश्री हवेतच होती.

गुरुवारी सकाळी दूध आणायला गेली तेव्हा डेअरीच्या शटरला एक कागद चिकटवलेला दिसला. "हरवले आहेत." खाली फोटो. मफलर नव्हता, पण चेहरा तोच. बापूराव संभाजी धुमाळ, वय ६९. रविवार संध्याकाळपासून बेपत्ता. खाली मुलाचा नंबर.

दुधाची पिशवी हातात धरून ती तिथंच उभी राहिली. मागच्या बाईनं "सरकता का जरा?" म्हटलं तेव्हा ती भानावर आली.

फोन मुलानंच उचलला. साईनाथ त्याचं नाव.

"रविवारी संध्याकाळी मी तुमच्या वडिलांना पाहिलं होतं," ती म्हणाली. "टेकडीवर."

"टेकडीवर? संध्याकाळी?" त्याचा आवाज चिरकला. "ते फक्त सकाळी जातात हो. त्या दिवशी घरात जरा बोलाचाली झाली होती. आम्हाला वाटलं रागानं आळंदीला गेले. चार दिवस आळंदी, देहू, स्टँड, दवाखाने पालथे घालतोय. टेकडीचा कुणी विचारच केला नाही. किती वाजता होते?"

"सव्वासात. सात वीसपर्यंत. खालच्या वाटेनं गेले." ती थांबली. "माझ्याकडे फोटो आहेत. त्यात दिसत असेल कदाचित."

"पत्ता द्या. आत्ता येतो."

तो येईपर्यंत तिच्याकडे पंधरा मिनिटं होती. तिनं लॅपटॉप उघडला आणि एकत्र केलेला फोटो बाजूला ठेवून मूळचे फोटो एकेक करून पाहू लागली. सात वाजून एकवीस मिनिटांच्या फोटोत बॅटरीची पांढरी रेघ उतारावर सुरू झाली होती. पुढच्या फोटोत थोडी खाली. आणखी खाली. असे सहा फोटो. सातव्यात अंधार. त्यापुढे अंधारच.

ती पुढे जात राहिली. सात एकतीसच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, खूप खाली, पिवळट उजेड होता. तिनं पुसलेला डाग. तिनं तो भाग मोठा करून पाहिला. ती शेकोटी नव्हती. खाणीच्या आतून, खालून उजेड वर येत होता आणि समोरच्या कापलेल्या दगडावर पडत होता. पुढच्या तीन फोटोंत तो होता. मग दोन फोटोंत नाही. मग पुन्हा होता. मग नाही. तिनं सगळे फोटो पटापट एकामागोमाग पळवले, तेव्हा वर धूमकेतू संथपणे खाली सरकत होता आणि कोपऱ्यात तो उजेड लागत होता, विझत होता, लागत होता. सात अठ्ठावन्नपर्यंत. तिनं कॅमेरा बंद केला तोपर्यंत.

वर कुणीतरी आहे हे खालच्या माणसाला माहीत होतं.

दाराची बेल वाजली. भाग्यश्रीनं पहिले सहा फोटो वेगळे काढले आणि बाकीच्या फोटोंची खिडकी बंद केली. आपण हे का करतोय, याचा तिनं विचार केला नाही. हात करत गेले.

साईनाथ तिच्याच वयाचा होता. चार दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. त्यानं ते सहा फोटो पाहिले.

"ही खाणीची कड आहे," तो म्हणाला. "आणि इथून पुढे?"

"इथून पुढे दिसत नाही," भाग्यश्री म्हणाली.

दुपारी बाराच्या आत बापूराव सापडले. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोर लावून त्यांना वर काढलं. पाय मोडलेला, डोक्याला मार. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही तास जिवंत असावेत, नक्की सांगता येत नाही. बॅटरी जवळच पडली होती. हवालदारानं ती दोन-तीनदा दाबून पाहिली. "सेल गेलेत," तो म्हणाला. "वाटेतच गेले असणार. म्हणून फोटोतला उजेड बंद झाला. अंधारात पाय घसरला, दुसरं काय."

साईनाथ मटकन खाली बसला. त्या रविवारआधी आठवडाभर आई त्याला सांगत होती, आबांच्या बॅटरीला नवे सेल आण. तीन वेळा सांगितलं होतं. तो तीन वेळा विसरला होता.

भाग्यश्री चार पावलांवर उभी होती. तिनं तोंड उघडलं होतं. पण गर्दी होती, कुणीतरी साईनाथला धरून उठवत होतं, आणि तो क्षण निघून गेला.

दहाव्याला ती त्यांच्या घरी गेली. बापूरावांच्या पत्नीनं, प्रेमलाबाईंनी, तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तुझ्यामुळं माणूस हाती लागला पोरी," त्या म्हणाल्या. "न्हाईतर जन्मभर वाट बघत बसले असते." आतल्या खोलीत साईनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो जेवत नाही, प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. सेल, सेल एवढंच म्हणतो.

भाग्यश्रीनं चहा घेतला. घरी आली. त्यानंतर तिला संध्याकाळ नकोशी झाली. ऑफिसात ती मुद्दाम उशिरापर्यंत बसू लागली. घरी डोळे मिटले की तो कोपरा दिसायचा. लागतोय, विझतोय. फोटो तिनं इंटरनेटवरून काढून टाकला, पण लोकांनी तो कुठं कुठं पाठवून ठेवला होता. ऑफिसातल्या एकानं तर मोबाईलच्या स्क्रीनवर लावला होता. "काय मस्त आलाय यार," तो म्हणायचा आणि तिच्यासमोर धरायचा. ती फक्त डाव्या कोपऱ्याकडे पाहायची. तिथं तिनं पुसून केलेला काळोख अगदी सफाईदार होता.

दिवाळी आली आणि गेली. ती भंडाऱ्याला गेली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन गावठाणात गेली.

प्रेमलाबाई पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. साईनाथ उंबऱ्यात. भाग्यश्री उभ्यानंच बोलली. बसली असती तर सांगता आलं नसतं.

"काकू, बॅटरीचे सेल गेले नव्हते. मी त्यांना बॅटरी बंद करायला सांगितली. माझ्या फोटोत उजेड येत होता म्हणून. आणि खाली पडल्यावर त्यांनी ती परत लावली होती. लावत होते, विझवत होते. अर्धा तास. माझ्या कानात गाणी होती. मी पाहिलं नाही. नंतर फोटोत दिसलं आणि तेही मी तुमच्यापासून लपवलं."

मेथीची काडी प्रेमलाबाईंच्या हातात तशीच राहिली.

"बंद करा म्हणालीस, तवा काय म्हणाले?"

"बरं, बरं, म्हणाले."

"म्हणणारच. कुणी काय सांगितलं की बरं म्हणायचे." त्यांनी काडी ताटात ठेवली. "कुठवर दिसत होता उजेड?"

"आठला दोन मिनिटं होती. तेव्हा मी कॅमेरा बंद केला."

"मी तवा मोदक उकडायला ठेवत होते."

साईनाथ उठून पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे सेल चांगले होते?" त्यानं विचारलं. "इतके दिवस मी... तुम्ही तिथं उभ्या होतात. मी खाली बसलो तेव्हा तुम्ही तिथं उभ्या होतात आणि ऐकत होतात."

"हो."

"चालत्या व्हा."

"साई," प्रेमलाबाई म्हणाल्या. मग भाग्यश्रीकडे न पाहता, "तुम्ही या आता. सांगितलंत, बरं केलंत. पण या."

आत्तापर्यंत त्या तिला 'तू' म्हणत होत्या. गल्लीच्या टोकापर्यंत भाग्यश्रीच्या कानात ते 'तुम्ही'च वाजत होतं.

तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी साईनाथचा फोन आला. आवाज कोरडा.

"उद्या टेकडीवर याल का? त्याच वेळेला. तुम्ही जिथं उभ्या होतात तिथं उभं राहायचं. मी खाली खाणीत जाईन. गावाच्या बाजूनं बैलगाडीची जुनी वाट आहे, तिथून उतरता येतं. मी हाका मारणार. ऐकू येतं का ते बघायचंय."

"कशाला साईनाथ?"

"बघायचंय."

ती गेली. कातळ तसाच होता. आता पश्चिमेला धूमकेतू नव्हता, दुर्बिणीलाही सापडला नसता. थंडी सुरू झाली होती. साडेसातला तिनं स्वेटरची टोपी मागे सारली आणि दोन्ही कान मोकळे केले.

आधी फक्त हायवे ऐकू आला. मग कुठल्यातरी लग्नाच्या वरातीतला बँड. मग खाली कुत्रं भुंकलं. ती श्वास रोखून उभी राहिली. काही नाही. तिच्या मनात एक वेडी आशा जागी झाली, की ऐकूच येत नाही. कानात गाणी नसती तरी आलं नसतं.

"ओ बाई..."

आवाज बारीक होता, भिंतीपलीकडून यावा तसा. पण शब्द स्वच्छ होते. वडिलांनी तिला काय म्हणून हाक मारली होती ते साईनाथनं आदल्या दिवशी फोनवर विचारून घेतलं होतं.

"ओ बाई! ओ कॅमेरावाल्या बाई!"

तिला ओरडून सांगायचं होतं की येतंय ऐकू, थांब. पण ती नुसती ऐकत राहिली. खालून हाका येतच राहिल्या. एक हाक, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा. दर वेळी तिच्या अंगावर काटा येत होता, कारण दोघा बापलेकांचा आवाज सारखाच होता, किंवा तिला तो सारखा वाटत होता. शेवटी ती कातळाच्या कडेशी गेली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "आलं! ऐकू आलं!"

हाका थांबल्या.

वर यायला त्याला वीस मिनिटं लागली. तो कातळावर बसला. बराच वेळ त्याला धाप लागली होती.

"कितव्या हाकेला?"

"दुसऱ्या. पहिली कदाचित हायवेच्या आवाजात गेली."

"मी फार जोरात ओरडलो," साईनाथ म्हणाला. "पाय मोडलेल्या माणसाला एवढं जमणार नाही. त्यांचा आवाजही लहान होता."

दोघांनाही माहीत होतं की हे कुणालाच सांगता येणार नाही, तपासता येणार नाही.

"आईला मी सांगणार आहे, ऐकू येत नाही म्हणून," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेच सांगायचं."

"मी आता काही लपवणार नाही असं ठरवलंय. आणि त्या मला कशाला विचारतील?"

"विचारेल. तिनंच पाठवलंय मला." त्यानं तळहातांनी डोळे चोळले. "रोज रात्री मला उठवून विचारते, हाका मारल्या असतील का रे त्यांनी? तिला झोप नाही. तुमचा निश्चय तुमच्यापाशी ठेवा. तिला झोप लागू द्या."

दोघं पायऱ्यांनी उतरले. खाली कमानीपाशी तो गावठाणाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. नंबर साईनाथचा होता, आवाज प्रेमलाबाईंचा.

"काल गेला होतात म्हणे वर."

"हो काकू."

"आलं का ऐकू?"

भाग्यश्री खिडकीपाशी उभी होती. खाली सोसायटीचा माळी झाडांना पाणी घालत होता. तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

"नाही काकू. काहीच ऐकू आलं नाही."

पलीकडे कुकरची शिटी झाली. प्रेमलाबाईंनी ती होऊ दिली.

"साईचा घसा पार बसलाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून शब्द फुटत न्हाई त्याला. एवढा ओरडला, तरी न्हाई?"

"नाही."

"बरं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला नाही. भाग्यश्रीनंही ठेवला नाही. दुसरी शिटी झाली, मग तिसरी. मग कुणीतरी गॅस बंद केला.